दोन छोटे हॉर्न

जयसिंगला मोकळ्या रस्त्यावर हॉर्न वाजवायची खोड होती. समोर माणूस नाही, सायकल नाही, गाय नाही, तरी त्याचा पंजा स्टिअरिंगच्या मधोमध पडायचा आणि दोन छोटे हॉर्न वाजायचे. स्वारगेटहून विश्रांतवाडीला जाणाऱ्या त्याच्या बसमध्ये रोज बसणाऱ्यांना याची सवय झाली होती. ज्यांना नव्हती ते बोलायचे.

"अहो ड्रायव्हर, समोर कोणी नाही. कोणाला वाजवताय?" अप्पा बळवंत चौकात चढलेले एक पेन्शनर एकदा म्हणाले.

"स्वतःलाच वाजवतात, काका," मागून कंडक्टर मच्छिंद्र ओरडला. "झोप लागू नये म्हणून."

बस हसली. ड्रायव्हरच्या डोक्यावर आतली गर्दी दाखवणारा एक लांबट आरसा असतो. त्या आरशात जयसिंगही हसला.

त्याची दुसरी खोड म्हणजे डबल बेल मिळाली तरी तो गाडी लगेच हलवायचा नाही. आधी आरशात बघायचा, मग गियर टाकायचा. "दादा, झोपलात का?" असं मच्छिंद्र दिवसातून कितीदा तरी विचारायचा. ही जोडी पंधराएक वर्षं एका गाडीवर होती. डेपोत बाकीच्या जोड्या फुटत, बदलत. ही टिकली होती. कशी टिकली याचा मच्छिंद्रने कधी विचार केला नव्हता. जयसिंग वयाने मोठा, बोलायला कमी. मच्छिंद्र सेहेचाळीसचा आणि बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

बोलणं हीच त्याची नोकरी आहे असं वाटावं इतकं तो बोलायचा. फुलेनगरला तुळजाबाई झेंडूची पाटी घेऊन चढायच्या. त्यांना सुनेचं विचारायचं, तेवढ्यात मागच्या सीटवरच्या पोराच्या हातात क्रिकेटची बॅट दिसायची, की तिकडे वळायचं, तेवढ्यात खिडकीतून नवं हॉटेल दिसायचं. एकही बोलणं पुरं व्हायचं नाही. पण लोकांना ते आवडायचं. तुळजाबाई म्हणायच्या, "या गाडीत बसलं की घरचं मागं राहतंय."

लहानपणी धानोरीच्या शाळेत गुरुजी त्याला वर्गाबाहेर उभं करायचे, कारण तो आत असला की सगळा वर्ग खिडकीबाहेर बघायचा. शाळा सुटली ती सुटलीच. पुढे रात्रशाळेत, मिशा आल्यावर, तो दहावी झाला. कंडक्टरची नोकरी लागली तेव्हा त्याला वाटलं, ही आपल्यासाठीच केलेली नोकरी आहे. एका जागी बसायचं नाही, दर दोन मिनिटांनी नवीन माणूस.

जयसिंग निवृत्त झाला तेव्हा डेपोत शाल आणि नारळ दिला. मच्छिंद्रने भाषण केलं. "दादांनी आयुष्यात जेवढे हॉर्न वाजवले त्यातले निम्मे रस्त्याला वाजवले," असं तो म्हणाला. मंडळी पोट धरून हसली. जयसिंग शाल सावरत राहिला. निघताना त्याने मच्छिंद्रचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

"तिकिटाच्या मशीनकडं बघत जा," तो म्हणाला.

"बघतो की," मच्छिंद्र म्हणाला.

नवा ड्रायव्हर यज्ञेश्वर तिशीच्या आतला होता. ब्रेक असा लावायचा की उभ्या माणसाला दांडी धरावी लागू नये. हॉर्न वाजवायचा नाही. "हॉर्न वाजवावा लागतो म्हणजे आपण आधी बघितलं नाही," असं त्याचं म्हणणं होतं. बेल मिळाली की गाडी हलवायची. बेल नाही, तर नाही. सगळं नियमाने. पहिल्या दिवशी मच्छिंद्रला वाटलं, गाडी किती शांत झाली.

महिन्याभरात चेकरने मच्छिंद्रला दोनदा पकडलं.

तिकिटाच्या मशीनवर एक बटण असतं. बस पुढच्या टप्प्यावर आली की ते दाबून टप्पा पुढे सरकवावा लागतो. तो सरकवला नाही तर मशीन मागच्याच टप्प्यावरून तिकीट काढत राहतं आणि लोकांना चुकीचं तिकीट जातं. येरवड्याला चेकर चढला तेव्हा मशीन अजून पुणे स्टेशनलाच उभं होतं. दुसऱ्यांदा तर बस मंडईजवळ आली होती आणि मशीन येरवड्याला.

"मशीनची फिरायला जायची इच्छा नाही वाटतं," चेकर म्हणाला आणि लिहून घेऊन उतरला.

मच्छिंद्रने उपाय केले. बोटाला दोरा बांधला. संध्याकाळी घरी जाऊन पाहिलं तर दोरा बोटालाच होता, दिवसभरात त्याच्याकडे एकदाही लक्ष गेलं नव्हतं. तळहातावर पेनाने लिहिलं, ते घामाने गेलं. मोबाईलमध्ये गजर लावले, पण पुण्याची वाहतूक घड्याळाने चालत नाही. जुन्या बाजारात गाडी अडकलेली असताना येरवड्याचा गजर वाजायचा. मग त्याने ठरवलं की मशीनवरची नजर काढायचीच नाही. त्या दिवशी टप्पे सगळे बरोबर सरकले, पण तो बेल द्यायला विसरला आणि उतरणारी माणसं पुढच्या थांब्यावर गेली. एकाने खाली उतरून सरळ नमस्कार केला. "आभारी आहे. आज चालणं झालंच नव्हतं."

पूर्वी असं होत नव्हतं. त्याला हेच कळत नव्हतं. पंधरा वर्षं जमलेलं काम एका महिन्यात हातातून कसं जातं?

मग पुणे स्टेशनचा प्रकार झाला. माणसं चढली, मच्छिंद्रने डबल बेल दिली. नेमक्या त्याच वेळी खाली उभ्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "आळंदीची गाडी कुठं लागते?" मच्छिंद्र खाली उतरला. म्हाताऱ्याला पाटी दिसत नव्हती म्हणून त्याला हाताला धरून चार पावलं पुढे नेलं. त्याचं गाव विचारलं. गाव निघालं मच्छिंद्रच्या आत्याचं. मागे वळला तेव्हा बस नव्हती.

तो मशीन हातात घेऊन, पिशवी काखेत मारून, स्टेशनच्या थांब्यावर उभा होता. लोक त्याच्याकडे बघत होते. कंडक्टर थांब्यावर बसची वाट बघताना कोणी पाहिला नव्हता.

एका स्कूटरवाल्याने त्याला मागे घेतलं. बंडगार्डनला बस उभी होती. उतरायची माणसं ओरडली म्हणून यज्ञेश्वरने तिथे गाडी थांबवली होती, पण बेल नाही म्हणून पुढे हलवली नव्हती. मच्छिंद्र चढला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "आता यांचं तिकीट कुठपासून काढायचं?"

सगळी बस हसली. मच्छिंद्रने आरशात बघितलं. यज्ञेश्वर हसत नव्हता.

डेपोत दिगंबरसाहेबांनी त्याला समोर बसवलं. साहेब वाईट माणूस नव्हता.

"पिता का?"

"नाही साहेब."

"कान?"

"बरे आहेत."

"मग हे काय आहे? बस कंडक्टरला सोडून जाते? वर्तमानपत्रात आलं असतं म्हणजे?" साहेबांनी सुस्कारा सोडला. "डॉक्टरकडे जाऊन या. आणि आता अजून एक काही झालं ना, की तुम्हाला गाडीवरून काढून पासच्या खिडकीत बसवणार. माझा नाइलाज आहे."

पासची खिडकी म्हणजे डेपोच्या मागच्या बाजूची खोली. एक खुर्ची, एक जाळी, एक पंखा. महिन्याचे पहिले चार दिवस गर्दी, मग दिवसभर कोणी नाही. तिथे बसणारा श्याम जेवणाच्या सुट्टीतही कोणाशी बोलायचा नाही, बोलायची सवयच गेली होती त्याची. मच्छिंद्र त्या खोलीसमोरून चालत गेला आणि त्याने आत बघितलं नाही.

घरी शालू भाकरी थापत होती. दोन वर्षांपूर्वी मच्छिंद्रने या खोलीला रंग द्यायला घेतला होता. एक भिंत निळी झाली होती, दुसरी कमरेपर्यंत. ब्रश अजून माळ्यावर होता.

"साहेब म्हणतात डॉक्टरला दाखवा," तो म्हणाला.

"काय दुखतंय?"

"दुखत काही नाही."

"मग कशाला दाखवायचं?" तिने भाकरी तव्यावर टाकली. त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण खिडकीत कावळा बसला होता आणि त्याच्या चोचीत लाल चिंधी होती. वळून पाहिलं तर शालू ताट वाढून बाहेर गेली होती. हल्ली ती त्याच्या उत्तराची वाट बघत नसे.

डॉक्टर मंदाकिनी चष्म्याच्या वरून बघणाऱ्या, साठीच्या बाई होत्या. त्यांनी कानांचं काही विचारलं नाही. शाळेचं विचारलं, घरचं विचारलं. अर्धवट राहिलेल्या कामांचं विचारलं तेव्हा मच्छिंद्र रंगाबद्दल बोलला, मग कावळ्याबद्दल, मग खिडकीबाहेरच्या नारळाबद्दल. बाईंनी त्याला बोलू दिलं.

"याला अटेन्शन डेफिसिट म्हणतात, लक्ष एका जागी टिकत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हे लहानपणापासून आहे. आळस नाही, वेंधळेपणा नाही. मेंदूची ठेवणच तशी आहे. गोळी देते, तिचा उपयोग होईल. पण नुसत्या गोळीने काम होत नाही. मला एक सांगा, पंधरा वर्षं तुम्ही चांगली नोकरी केलीत. ती कशी केलीत?"

"चांगलीच केली, बाई. बिघडलं ते आत्ता."

"आत्ता काय बदललं?"

"काही नाही. ड्रायव्हर तेवढा."

"मग त्या ड्रायव्हरचा विचार करा," बाई म्हणाल्या.

त्याने जिना उतरताना तो विचार केला आणि खाली येईपर्यंत सोडून दिला. ड्रायव्हरचा आणि तिकिटाचा काय संबंध?

तो फुटपाथवर उभा होता. गोळ्यांची पुडी खिशात, हात रिकामे. समोरून एक टेम्पो गेला आणि त्याने दोन छोटे हॉर्न वाजवले.

मच्छिंद्रचा उजवा अंगठा हलला.

त्याने अंगठ्याकडे बघितलं. अंगठा वाकून, काहीच नसलेल्या जागी, काहीतरी दाबून सरळ झाला होता. टप्प्याचं बटण मशीनवर जिथे असतं तिथेच. तो तसाच उभा राहिला. टेम्पो पुढे जाऊन वळला. माणसं त्याला वळसा घालून जात होती. शनिपार, अप्पा बळवंत चौक, जुना बाजार, बंडगार्डन. मोकळा रस्ता, हॉर्न. मोकळा रस्ता, हॉर्न. हॉर्न कुठे कुठे वाजायचा ते त्याला एकामागून एक आठवत गेलं, आणि एकही जागा टप्पा सोडून नव्हती.

तो तसाच कळसला गेला. जयसिंग तिथे राहायचा. शेत केव्हाच गेलं होतं, त्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीत एक फ्लॅट मिळाला होता. बायको वारलेली, मुलगा नाशिकला. जयसिंग इमारतीच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रस्त्याकडे बघत होता.

"ये की. ड्यूटी नाही?"

"दादा, हॉर्न तुम्ही माझ्यासाठी वाजवत होता?"

दुसरी खुर्ची नव्हती म्हणून जयसिंग उठला आणि दोघंही उभे राहिले.

"पहिल्या वर्षीची गोष्ट हाय," तो म्हणाला. "टप्पा आला की तू कुणाशी तरी बोलत असायचास. मला आरशात दिसायचं. मी म्हणायचो, पोरगं मरतंय आता. एकदा कुत्रं आडवं आलं, मी हॉर्न मारला. तू दचकलास आन् बटण दाबलंस. म्हटलं, हे बरं हाय."

"आणि गाडी थांबवून धरायचात ते?"

"तू आत हायस का ते बघायचो. दोनदा नव्हतास."

मच्छिंद्रला भाषण आठवलं. शाल पांघरून बसलेला जयसिंग आठवला.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू हॉर्नची वाट बघत बसला असतास. तुझं बोलणं बंद झालं असतं."

"झालं असतं तर झालं असतं."

"मग मी काय ऐकलं असतं?" जयसिंग म्हणाला. "ही गेली, पोरगा गेला. घरात भिंती. दिवसभर मागं तुझी टकळी चालू असायची, तेवढंच कानाला. साहेबाकडं जाऊन दर वेळी तुझीच जोडी मागून घ्यायचो, ते काय तुझ्यावर उपकार म्हणून?"

तो चहा टाकतो म्हणाला. मच्छिंद्र नको म्हणाला. त्याला राग आला होता आणि तो कशाचा हे नीट सांगता येत नव्हतं. पंधरा वर्षं आपण एक काम केलं असं तो समजत होता. त्यातलं निम्मं पुढच्या सीटवरून होत होतं. आणि आता पुढच्या सीटवर कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विश्रांतवाडीला बस रिकामी झाल्यावर तो यज्ञेश्वरकडे गेला. यज्ञेश्वर पुढच्या काचेवरची धूळ पुसत होता. मच्छिंद्रने रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. त्याने आजाराचं नाव सांगितलं, हॉर्नचं सांगितलं.

यज्ञेश्वरने फडकं पिळलं. "काका, मी लक्ष रस्त्यावर ठेवू की तुमच्यावर?"

प्रश्न बरोबर होता.

"तुमच्यासाठी हॉर्न वाजवायचा म्हणून मी आरशात बघणार, आणि तेवढ्यात पुढं एखादं पोर आलं तर?" यज्ञेश्वर म्हणाला. "शिवाय वाटेत दवाखाने आहेत, शाळा आहेत. तिथं हॉर्न नाही चालत. मी एक करतो. बेल दिलीत तरी तुम्ही आरशात दिसल्याशिवाय गाडी हलवणार नाही. तेवढं उभ्या गाडीत जमतं. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

"बरं," मच्छिंद्र म्हणाला.

बाकीचं म्हणजे टप्पे. गोळीने डोक्यातला गलका खाली बसला होता. कावळा आता दिसला तरी कावळाच राहायचा, त्याच्यामागे जावंसं वाटायचं नाही. पण टप्पा काही गोळी सरकवत नव्हती. अंगठ्याला आवाज लागत होता. देणारं कोणी नव्हतं, तेव्हा तो आपणच द्यायचा असं त्याने ठरवलं.

"शनिपार! शनिपार!" स्वारगेटहून निघालेल्या पहिल्याच फेरीत तो ओरडला आणि ओरडतानाच बटण दाबलं.

खिडकीशी बसलेल्या बाईंनी मान वळवली. "दिसतंय आम्हाला शनिपार. जन्म गेला इथे."

"अप्पा बळवंत चौक! अप्पा बळवंत चौक!"

"नवीन गाईड लावलाय वाटतं," मागून आवाज आला. "शनिवारवाड्याचा इतिहासही सांगा पुढे."

पूर्वी त्याने यावर असं उत्तर दिलं असतं की बस मनपापर्यंत हसली असती. उत्तर जिभेवर आलंही. पण त्याला एव्हाना एक गोष्ट कळली होती. तोंड एका वेळी एकच काम करतं. ते गप्पांत गुंतलं तर थांब्याचं नाव येत नाही, नाव आलं नाही तर अंगठा हलत नाही. त्याने उत्तर गिळलं.

परतीच्या फेरीत फुलेनगरला तुळजाबाई चढल्या. पाटी पायाशी ठेवून म्हणाल्या, "कंडक्टर, ऐकलं का, सून परत आली."

"हो का मावशी. पुढं सरका. येरवडा! येरवडा!"

"तिच्या आईनंच आणून सोडली."

"बंडगार्डन! बंडगार्डन!"

तुळजाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "रागावलात का कुणावर?"

"नाही हो. काम आहे."

आठवडाभर त्या सांगत राहिल्या. मग त्या पुढच्या दाराजवळच्या सीटवर बसायला लागल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. बॅटवाल्या पोराने कानात वायरी घातल्या. बसमध्ये थांब्यांची नावं तेवढी ऐकू यायची. चेकर तीनदा चढला आणि तीनदा काही न लिहिता उतरला. दिगंबरसाहेब डेपोच्या फाटकात भेटले तेव्हा म्हणाले, "छान. असंच चालू द्या." पासच्या खिडकीचं नाव कोणी काढलं नाही.

घरी त्याने शालूला सगळं सांगितलं, गोळीची पट्टी दाखवली. ती पट्टी हातात घेऊन उलटसुलट करत बसली.

"मला वाटायचं, माझंच तेवढं ऐकू येत नाही तुम्हाला," ती म्हणाली.

त्याने त्या रविवारी दुसरी भिंत पुरी केली. शालू ती बघून म्हणाली, चांगली झाली. त्यापुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचलं नाही. इतक्या वर्षांत सवय राहिली नव्हती.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी जयसिंग बसमध्ये चढला. विश्रांतवाडीहूनच, पहिल्या थांब्यावर. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवीसुद्धा नाही. मच्छिंद्रने विचारलं, "कुठं निघालात, दादा?"

"कुठं नाही. स्वारगेटपर्यंत जातो आन् येतो."

त्याने निवृत्तांचा पास दाखवला आणि तो कंडक्टरच्या सीटच्या बरोबर पुढे, कान मागे देऊन बसला. मच्छिंद्रला कळलं तो कशाला आलाय.

गर्दी चढली. मच्छिंद्रने तिकिटं काढली, बेल दिली, आरशात तोंड दाखवलं. गाडी हलली. सांगायला पुष्कळ होतं. भिंतीचं होतं, तुळजाबाईंच्या सुनेचं होतं, चेकर कसा तोंड पाडून उतरला ते होतं. कळसहून चहा न घेता आलो त्याचंही होतं. जयसिंग किंचित मागे रेलून बसला होता.

"फुलेनगर! फुलेनगर!"

येरवडा गेलं, बंडगार्डन गेलं. पुणे स्टेशनला एक म्हातारी मोठं गाठोडं घेऊन चढली, त्यावर जयसिंग मान वळवून हसला, म्हणजे आता तू काहीतरी म्हण. मच्छिंद्रने गाठोडं आत ओढून घेतलं.

"जुना बाजार! जुना बाजार!"

जयसिंगने मान पुढे वळवली. गाडी दगडूशेठच्या देवळावरून पुढे आली तेव्हा तो उठला. स्वारगेट यायला अजून वेळ होता.

"इथंच उतरतो," तो म्हणाला. "दर्शन घेतो." मग दांडी धरून क्षणभर थांबला. "एकही टप्पा चुकला नाही. मी बघत होतो."

"दादा," मच्छिंद्र म्हणाला. पण मागून तिघे चढत होते आणि त्यांच्या हातात सुट्टे नव्हते.

जयसिंग खाली उतरला. मच्छिंद्रने डबल बेल दिली. यज्ञेश्वरने आरशात बघितलं. आणि खालून जयसिंगने, बस सोडताना सगळे करतात तसं, पत्र्यावर हाताने दोनदा थाप मारली.

मच्छिंद्रचा अंगठा हलला. मशीन एक टप्पा पुढे गेलं, मंडई यायला अजून अवकाश होता. त्याने मागच्या काचेतून बघितलं. इस्त्रीचा शर्ट देवळाकडे गेला नव्हता. तो रस्त्याच्या कडेला, बसकडे तोंड करून उभा होता.

मच्छिंद्रने टप्पा एक घर मागे घेतला. मग मंडई आली, तेव्हा नाव पुकारलं आणि बटण दाबलं.